'ऑफ' डोक्यात बसवायचा असेल तर आधी 'सुटणं' धरा

आधी माझी फजिती सांगतो, मग मुद्द्यावर येतो. नोकरीचं पहिलं वर्ष, हिंजवडीत नाइट शिफ्ट, समोर इंग्लंडचा क्लायंट, आणि रात्री दीडच्या सुमारास तिकडच्या माणसाचा फोन आला की 'द अलार्म इन द सर्व्हर रूम हॅज गॉन ऑफ'. मी काय ऐकलं, तर अलार्म ऑफ झाला, म्हणजे बंद झाला, म्हणजे जे काही बोंबलत होतं ते गप्प झालं. मी अगदी मनापासून 'ओह गुड, थँक यू' म्हटलं, फोन ठेवला आणि खाली चहा प्यायला गेलो. वर आलो तर सात मिस्ड कॉल आणि शिफ्ट लीडचा चेहरा लालबुंद. अलार्म बंद झालाच नव्हता, तो वाजायला लागला होता, तिकडे एसी बंद पडून खोली तापत होती आणि आमच्याकडून उत्तर काय गेलं तर गुड!

चूक माझी होतीच, पण एकट्याची नव्हे. आपण सगळेच ऑफ हा शब्द पंख्याच्या बटणावरून शिकलोय. ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद, विषय संपला. मग 'द मिल्क इज ऑफ', 'आय ॲम ऑफ', 'ही गॉट ऑफ लाइटली' असलं काही समोर आलं की आपण बटणच शोधत बसतो.

तर युक्ती अशी की ऑफचा मूळ अर्थ बंद हा नाहीच. मूळ अर्थ आहे 'पासून वेगळं, दूर', आणि मराठीत त्याला जवळपास तंतोतंत बसणारा शब्द आपल्याकडे आयता आहे: सुटणं. बघा हं. शर्टाचं बटण सुटलं, 'द बटन केम ऑफ'. गोळी सुटली, 'द गन वेंट ऑफ'. आम्ही पहाटे सुटलो, 'वुई सेट ऑफ ॲट डॉन'. सहाला सुटतो, 'आय गेट ऑफ ॲट सिक्स'. पोलिसांनी पकडलं पण थोडक्यात सुटला, 'ही गॉट ऑफ लाइटली'. आता अजून गंमत, सुटणं वरूनच आपली सुट्टी आली आणि सूटही आली, आणि इंग्रजीत बघा, सुट्टी म्हणजे 'डे ऑफ' आणि २० टक्के सूट म्हणजे '२० पर्सेंट ऑफ'. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता एकाच खुंटीवर सगळे कपडे टांगलेत. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये एकटाच हसलो होतो, शेजारच्या काकांनी जरा सरकून घेतलं.

अलार्मचं कोडंही इथेच सुटतं (हे पण सुटणंच). जुनं चावीचं गजराचं घड्याळ आठवा, त्यात गजराची स्प्रिंग वेगळी असते, ती ताणून अडकवून ठेवलेली असते, ठरलेली वेळ झाली की खटका बाजूला होतो, स्प्रिंग सुटते आणि हातोडी घंटेवर बडवायला लागते. बंदुकीचा चाप तसाच. म्हणजे अडवून धरलेलं काहीतरी सुटलं की ते 'गोज ऑफ': बंदूक, बाँब, फटाका, अलार्म. पण लाइट 'वेंट ऑफ' म्हणजे गेली, कारण तिथे सुटला तो वीजपुरवठा. आणि हातानं बंद करायचं असेल तर 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ', मग तो अलार्म असो नाहीतर गीझर. म्हणून 'द अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ' हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, गजर झाला म्हणून मी तो बंद केला. हे एक वाक्य पाठच करून टाका, माझ्यासारखी वेळ येणार नाही.

आता वापरायचं कसं. नवीन ऑफ दिसला की स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, काय कशापासून सुटलं? बस एवढंच. 'हँडल केम ऑफ', हँडल दारापासून सुटलं. 'ऑफ ड्यूटी', माणूस ड्यूटीतून सुटला. 'ऑफ द हुक', मासा गळातून सुटला, माणूस तावडीतून सुटला. 'ऑफ-व्हाइट', पांढऱ्यापासून जरासा सुटलेला रंग. 'ऑफ द रेकॉर्ड', नोंदीपासून सोडवून ठेवलेलं बोलणं, छापू नका बरं का. बागेतली पाटी 'कीप ऑफ द ग्रास', हिरवळीपासून सुटून चाला. अकरावीच्या ॲडमिशनची 'कटऑफ', जिथे रेघ मारून खालच्यांना तोडलं ती जागा, पालकांना याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही.

सुटणं झालं की त्याचा भाऊ सोडणं. कर्ता काहीतरी सोडत असेल तिथे हा चालतो. 'ड्रॉप मी ऑफ ॲट द स्टेशन', मला स्टेशनला सोड. 'वुई वेंट टू सी हर ऑफ', आम्ही तिला सोडायला गेलो होतो, एअरपोर्टवर डोळे पुसत हात हलवतात ते. या दोन्हींत गल्लत नको, ड्रॉप ऑफ म्हणजे नेऊन पोचवणं, सी ऑफ म्हणजे निरोप द्यायला जाणं, मराठीत दोन्हीला सोडणंच म्हणतो म्हणून आपली गडबड होते. 'द टीचर लेट हिम ऑफ', बाईंनी त्याला सोडून दिलं. 'इट गिव्ज ऑफ अ बॅड स्मेल', घाण वास सोडतंय. 'आय ॲम ऑफ शुगर', साखर सोडलीय. 'ले ऑफ हिम', सोड ना त्याला, किती मागे लागशील. आणि नोकरीतलं 'लेड ऑफ', तेही कंपनीनं सोडलंच, फक्त इथे लक्षात ठेवा की लेड ऑफ म्हणजे मंदी, खर्चकपात, जागाच कमी केल्या असलं कारण, आणि 'फायर्ड' म्हणजे बहुतेक वेळा त्या माणसाचं काहीतरी चुकलं म्हणून हाकललं. इंटरव्ह्यूमध्ये मागच्या नोकरीबद्दल सांगताना हा फरक लाखमोलाचा आहे.

'आय ॲम ऑफ' याच्यावर जरा थांबू, कारण एवढ्याशा वाक्याचे चार अर्थ होतात आणि पुढच्या शब्दावर सगळं अवलंबून असतं. नुसतं 'राइट, आय ॲम ऑफ' म्हणत कोणी बॅग उचलली तर, चला निघतो. 'आय ॲम ऑफ टुमॉरो', उद्या सुट्टीवर आहे. 'आय ॲम ऑफ टू गोवा', गोव्याला निघालोय. 'आय ॲम ऑफ कॉफी', कॉफी सोडलीय किंवा सध्या नको वाटते. यातल्या 'ऑफ टू' आणि 'ऑफ टुमॉरो' मध्ये ऐकताना घोळ होतो, 'टू'नंतर जागेचं नाव येतंय का ते ऐकायचं. आणि 'ऑफ यू गो' म्हणजे पळा आता, लहान पोरांना म्हणतात ते, साहेबाला म्हणू नका.

सुटणं जिथे लागू पडत नाही तिथे बऱ्याच वेळा दुसरी किल्ली लागते, ती म्हणजे आपलं 'टाकणं'. आपण म्हणतो ना, संपवून टाक, विकून टाकलं, कर्ज फेडून टाकलं. यातल्या टाकण्याचा अर्थ फेकणं नसतो, काम पूर्ण केलं, परत बघायचं नाही, असा असतो. इंग्रजीत हेच काम ऑफ करतो. 'फिनिश इट ऑफ', संपवून टाक. 'ही सोल्ड ऑफ द लँड', जमीन विकून टाकली. 'शी पेड ऑफ द लोन', कर्ज फेडून टाकलं. नुसतं 'पेड द लोन' म्हटलं की वाटतं हप्ता भरला असेल, 'पेड ऑफ' म्हटलं की नील, बँकेकडून नो ड्यूज घेऊन घरी. 'पॉलिश्ड ऑफ द होल प्लेट', अख्खी ताटली फस्त केली. पण 'इट पेड ऑफ' असं कर्जाशिवाय आलं तर कष्ट फळाला आले.

बँकेचं निघालंच आहे तर 'राइट ऑफ' बघून घ्या, पेपरात याच्यावरून दर वर्षी गदारोळ होतो. बँकेनं कर्ज राइट ऑफ केलं म्हणजे ते ताळेबंदातून काढून टाकलं, वसुली चालूच राहू शकते, कर्जदार सुटला असं नाही. कर्जमाफी वेगळी, तिला 'वेव्हर' म्हणतात. आणि आपण सगळे जे 'वेव्ह ऑफ' म्हणतो ना, फी वेव्ह ऑफ करा, लोन वेव्ह ऑफ झालं, ते मुळात नुसतं 'वेव्ह' आहे, ऑफ आपण भारतात वरून लावलाय. बाहेर कुणाला मेल लिहिताना ऑफ काढा.

पुढचा ढीग बिघाडाचा. 'द मिल्क इज ऑफ', दूध खराब झालंय, ब्रिटिश लोक हे रोज म्हणतात (आणि वास सुटला की आपल्यालाही कळतंच). 'द फिश हॅज गॉन ऑफ', मासे खराब झालेत. 'ही लुक्स अ बिट ऑफ कलर', जरा आजारी दिसतोय, रंगाशी संबंध नाही. 'समथिंग इज ऑफ', इथे मराठीत 'काहीतरी बिनसलंय' किंवा संशय असेल तर 'कुठंतरी पाणी मुरतंय'. या सगळ्यात कल्पना एकच, जिथे असायला हवं तिथून जरा ढळलंय. आपला लाडका 'मूड ऑफ' याच घरातला वाटतो, पण 'माय मूड इज ऑफ' ही आपली देशी घडण आहे, इंग्लंड-अमेरिकेत तसं म्हणत नाहीत, तिथे 'आय ॲम इन अ बॅड मूड' म्हणा. आपापसात मात्र बिनधास्त मूड ऑफ म्हणा, मराठी झालाय तो आता.

तसंच 'ऑफ' नुसता सुट्टी म्हणून. आज माझा ऑफ आहे, वीकली ऑफ, कॉम्प ऑफ, हे सगळं आपल्याकडे पक्कं चालतं. परदेशी मॅनेजरला 'आय वॉन्ट ॲन ऑफ' लिहिलं की तो वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत बसतो. 'कॅन आय टेक मंडे ऑफ' असं लिहायचं, वार मध्ये आणि ऑफ शेवटी. कॉम्प ऑफ ब्रिटनमध्ये 'टाइम ऑफ इन लू' होतो, त्याची आद्याक्षरं जोडून 'टॉइल' म्हणतात. टॉइलचा शब्दकोशातला अर्थ कष्ट, म्हणजे रविवारी राबलात त्याचं नाव कष्ट आणि त्या बदल्यात मिळालेल्या सुट्टीचंही नाव कष्ट, छान आहे.

मीटिंगवाल्यांची सगळ्यात महाग चूक म्हणजे 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांची अदलाबदल. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकललं, कॉल ऑफ म्हणजे रद्दच केलं. 'द वेडिंग इज पुट ऑफ' म्हटलं तर हॉलवाला नवी तारीख विचारेल, 'द वेडिंग इज ऑफ' म्हटलं तर लग्न मोडलं, आणि मग फोनवर फोन. 'ब्रोक ऑफ द एंगेजमेंट', साखरपुडा मोडला. पुट ऑफचा दुसरा अर्थ मन उडणं, 'द स्मेल पुट मी ऑफ', त्या वासानं जेवणावरून मनच उडालं. बाकी ऑफिसमधले ऑफ तुम्हाला येतातच, किक-ऑफ कॉल, साइन-ऑफ मिळाला का, लॉग ऑफ करतो, त्यावर वेळ घालवत नाही. एक 'पुल ऑफ' तेवढा शिकून ठेवा, 'शी पुल्ड इट ऑफ', जमवून दाखवलं पठ्ठीनं, अशक्य वाटत होतं तरी. अप्रेझलमध्ये टीमच्या पोरांसाठी वापरा, फुकटचं कौतुक होतं.

प्रवासात 'गेट ऑफ' की 'गेट आउट', हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, कारण आपण सगळ्यातूनच उतरतो. बस, ट्रेन, विमान, जहाज, बाइक, घोडा, यावरून 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, यातून 'गेट आउट ऑफ'. ठोकताळा असा की ज्यात उठून चालता येतं किंवा ज्याच्या पाठीवर टांग टाकून बसतो तिथे ऑफ, ज्यात वाकून शिरावं लागतं तिथे आउट. रिक्षा वाकून शिरायच्या गटात टाका. विमानाचा 'टेक ऑफ' सगळ्यांना माहीत आहे, पण 'टेक ऑफ युअर शूज' म्हणजे बूट काढा, 'द बिझनेस टुक ऑफ' म्हणजे धंद्यानं जोर धरला, आणि ब्रिटनमध्ये कोणी कोणाला 'टेक ऑफ' केलं म्हणजे हुबेहूब नक्कल केली.

व्याकरण एकच गोष्ट सांगतो आणि सोडतो. 'टेक ऑफ द शूज' चालतं, 'टेक द शूज ऑफ' पण चालतं, पण नावाऐवजी इट, देम, हिम असलं सर्वनाम आलं की ते मध्येच घालायचं, 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' ऐकलं की इंग्रज माणसाच्या दातात खडा लागल्यासारखं होतं. 'टर्न इट ऑफ', 'कॉल इट ऑफ', 'टेल हिम ऑफ', सगळे तसेच. पण 'गेट ऑफ द बस' मध्ये बस मध्ये घुसत नाही, तिथे 'गेट ऑफ इट'च. कारण तिथे तुम्ही स्वतः सुटताय, दुसऱ्या कशाला सोडवत नाही आहात.

एक एफ की दोन एफ, हा घोळ दुकानांच्या पाट्यांवर बघा. '५० टक्के ऑफ' लिहिताना एक एफ खाल्लेला बोर्ड मी दर सेलमध्ये पाहतो. पण पेंटरला दोष देण्याआधी हे ऐका, हे दोन शब्द जुन्या इंग्रजीत एकच होते. जोर देऊन म्हटला की एक उच्चार, घाईत म्हटला की दुसरा, आणि हळूहळू साधारण सतराव्या शतकापर्यंत दोन स्पेलिंगं, दोन शब्द झाले. म्हणजे वाटणी झालेले सख्खे भाऊ. उच्चारात आजही फरक आहे, एक एफवाला 'ऑव्ह', दोन एफवाला 'ऑफ'. आपण दोघांनाही ऑफ म्हणतो, 'वन ऑफ द बेस्ट', 'कप ऑफ टी', आणि म्हणूनच लिहिताना हात अडखळतो. कप ऑव्ह टी म्हणायची जिभेला सवय लावा, स्पेलिंग आपोआप सुधारतं.

क्रिकेटवाल्यांसाठी छोटं विषयांतर. लेग साइड म्हणजे बॅट्समनच्या पायाकडची बाजू, ऑफ म्हणजे पायांपासून सुटलेली, लांबची. उजव्या हातानं खेळणाऱ्याची ऑफ उजवीकडे, डावखुरा आला की सगळं उलटं. ब्रिटनमध्ये गाडीच्या इन्शुरन्स फॉर्मवर 'ऑफसाइड' दिसलं तर फुटबॉल आठवू नका, ती ड्रायव्हरकडची, रस्त्याच्या मधली बाजू, म्हणजे उजवी. फुटपाथकडची ती 'निअरसाइड'. घोड्यावर डावीकडून चढायची पद्धत, त्यामुळे डावी जवळची, उजवी लांबची, तेच नाव गाड्यांना चिकटलं. तिकडे राहणाऱ्या मंडळींनी दार कुठलं ठोकलं गेलं ते लिहिताना लक्षात ठेवा.

काही ऑफ असे आहेत की त्यांना कुठलीच किल्ली लागत नाही, पण मराठी जोडीदार इतका फिट मिळतो की पाठ करायची गरज उरत नाही. 'लाफ्ड इट ऑफ', हसण्यावारी नेलं. 'फॉब्ड अस ऑफ', तोंडाला पानं पुसली. 'टोल्ड मी ऑफ', झापलं. 'डोझ्ड ऑफ', डुलकी लागली. 'वेल ऑफ', खाऊनपिऊन सुखी. 'रिप-ऑफ', निव्वळ लूट. 'ऑन अँड ऑफ', अधूनमधून. 'हिज हॅबिट्स रब्ड ऑफ ऑन हर', याला तर आपल्याकडे अख्खी म्हण आहे, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आणि 'यू आर बेटर ऑफ विदाउट हिम' याचं शब्दाला शब्द भाषांतर करत बसू नका, मैत्रिणीच्या खांद्यावर हात ठेवून आपण म्हणतो तेच ते, सुटलीस बाई.

सावधानही करतो. 'पिस्ड ऑफ' सिरीजमध्ये ऐकून ऐकून आपली पोरं सरसकट वापरतात, अर्थ वैतागलेला, पण तो जरा घाण शब्द आहे, मेलमध्ये नको. 'टिक्ड ऑफ' अमेरिकेत भडकलेला, ब्रिटनमध्ये झापला गेलेला, समोरचा कुठला ते बघून अर्थ लावा. 'नॉक इट ऑफ' म्हणजे पुरे कर आता, 'नॉक ऑफ ॲट फाइव्ह' म्हणजे पाचला काम थांबवून सुटणं, आणि 'नॉक-ऑफ' घड्याळ म्हणजे डुप्लिकेट माल.

सरावासाठी मी स्वतः काय केलं ते सांगतो, रोज रात्री दिवसभराची हकिगत ऑफ वापरून चार ओळीत लिहायची आणि खाली मराठी. महिन्याभरात हात बसतो. मागच्या आठवड्यातला एक उतारा देतो, आधी नुसता वाचा आणि खालची मराठी झाकून ठेवा:

'माय अलार्म डिडन्ट गो ऑफ. आय सेट ऑफ लेट, ड्रॉप्ड माय सन ऑफ ॲट स्कूल अँड गॉट ऑफ द बस वन स्टॉप टू अर्ली. द बॉस टोल्ड मी ऑफ बट लेट मी ऑफ. द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ एनीवे. द मिल्क वॉज ऑफ, सो नो टी. आय ॲम ऑफ टुमॉरो.'

गजर झालाच नाही. उशिरा निघालो, मुलाला शाळेत सोडलं आणि बसमधून एक स्टॉप आधीच उतरलो. साहेबांनी झापलं पण सोडून दिलं. तशीही मीटिंग रद्दच झाली होती. दूध नासलेलं, त्यामुळे चहा नाही. उद्या सुट्टी आहे.